रासायनिक खत जास्त झाल्याने करपलेले कामिनीचे कुंपण कसे सावरावे? (नाशिक, काळी माती)

गंगापूररोडकर (५ एप्रिल)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या दर्शनी भिंतीलगत कामिनीचे सुमारे चाळीस फूट लांबीचे जुने कुंपण आहे. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक मोरपंखी आणि फाटकाशी जास्वंदीची चार झुडपे आहेत. नेहमीचे माळीकाका मार्चअखेर गावी गेले असताना त्यांच्या जागी तात्पुरते आलेल्या माणसाने या सर्व झाडांच्या बुडाशी युरिया आणि १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे मिश्रखत) मुठीमुठीने टाकले आणि वरून झारीने जेमतेम माती भिजेल इतकेच पाणी दिले. गोणीत काय उरले ते पाहता एकट्या कुंपणाला तीन किलोच्या आसपास युरिया पडला असावा. दुसऱ्या खताचा अंदाज येत नाही.

आता कामिनीच्या जुन्या पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन वाळल्या आहेत. पान बोटांत धरले की कडेचा चुरा होतो, पण देठाकडचा भाग अजून हिरवा आहे आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक पिवळी रेघ दिसते. माती ओली असूनही कोवळे शेंडे दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळीही पुरते सावरत नाहीत. मातीवर पांढुरकी पापडी धरली असून तिच्यात अर्धवट विरघळलेले करडे दाणे ओळखू येतात. खुरपीने थोडे उकरले तर नाकाला झोंबणारा वास येतो. जास्वंदीची पाने पिवळी पडून गळत आहेत आणि मोरपंखीची पश्चिमेकडची बाजू विटकरी झाली आहे.

सोसायटीत कोणी जिप्सम टाका म्हणते, कोणी टॉनिक फवारा म्हणते, तर कोणी कुंपण सरळ निम्म्यावर छाटून टाका असे सुचवते. नळाचे पाणी मोजके आहे, बोअरचे भरपूर आहे. यातले काय करावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

म्हसरूळ रोपवाटिका (५ एप्रिल)

ताई, आज पाणी सोडू नका. आधी दाणे काढा.

बहुतेक जण घाईघाईने नळी सोडतात आणि वर पडलेले उरलेसुरले खतही विरघळवून मुळांकडे पाठवतात. खुरपीने वरची इंचभर माती पापडीसह हलक्या हाताने खरवडून गोणपाटावर गोळा करा. कामिनीची बारीक मुळे अगदी वरच्या थरात असतात, त्यामुळे खोल जाऊ नका. ही माती दुसऱ्या वाफ्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात त्या वाफ्यासाठी या मंचावर नवी चर्चा काढावी लागेल. सोसायटीत वाळल्या पानांचा ढीग असेल तर त्यात थोडी थोडी मिसळा. वाळला पाला कुजायला नत्र लागतेच, तेथे ते कामी येईल. पानांवर किंवा फांद्यांच्या बेचक्यांत दाणे अडकले असतील तर तेही झटकून घ्या.

दुसरे असे की आता काहीही 'द्यायचे' नाही. टॉनिक, १९:१९:१९ ची फवारणी, एप्सम सॉल्ट, यांपैकी काही नको. एप्सम सॉल्ट हाही क्षारच आहे, आणि येथे भांडण क्षारांशीच आहे.

निवृत्त माती तपासनीस (५ एप्रिल)

वरील सल्ला योग्य आहे. त्यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहितो, कारण कारण समजले की क्रम चुकत नाही.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांचे पाणी सुटते. मातीतल्या पाण्यात क्षार फार झाले की मुळांच्या बाबतीत तेच घडू लागते. माती ओली असते, पण ते पाणी मुळाला ओढून घेता येत नाही आणि झाड ओल्या मातीत तहानेने कोमेजते. म्हणून 'माती ओली असूनही शेंडे मान टाकतात' हे आपले निरीक्षण निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पानातून बाष्प निघून जाते आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पानाच्या टोकाशी व कडेशी साठत राहतात, त्यामुळे करपणे तेथून सुरू होते. पानझडी झाड क्षारांनी भरलेली पाने टाकून नव्या पालवीने सुरुवात करते. सदाहरित झुडपाला तशी सोय नसते. त्याची पाने वर्षभर, आणि एप्रिलच्या उन्हातही, बाष्प सोडत राहतात, म्हणून त्याच्यावरचा ताण लांबतो आणि करपलेली पानेही बराच काळ दिसत राहतात.

सर्व खतांचा क्षारभार सारखा नसतो. सोडियम नायट्रेटला १०० धरून खतांचा क्षार निर्देशांक काढतात. त्यात म्युरेट ऑफ पोटॅशचा सुमारे ११६, युरियाचा ७५, सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६ आणि सिंगल सुपर फॉस्फेटचा ८ च्या आसपास येतो. १०:२६:२६ मधले पालाश सहसा म्युरेटचे असते, म्हणजे त्याबरोबर क्लोराइडही आले.

युरियाचा आणखी एक त्रास आहे. तो मातीत गेल्यावर गरम हवेत काही दिवसांतच फुटतो, त्याचा अमोनिया होतो आणि दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) एकदम वर जातो. आपल्याला आलेला झोंबणारा वास त्याचाच आहे. हा अमोनिया कोवळ्या मुळांना थेट जाळतो. पुढे त्याचा अमोनियम होऊन तो काळ्या मातीच्या कणांना चिकटून बसतो, आणि जिवाणू त्याचे हळूहळू नायट्रेट करतात. २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेलाचे आवरण असलेला असणे सक्तीचे झाल्याने हे रूपांतर आणखी सावकाश होते; पिकाला ते हिताचे असले तरी येथे त्यामुळे त्रास लांबतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की न फुटलेला युरिया आणि नायट्रेट ही दोन्ही पाण्याबरोबर वाहून जातात, मधल्या अवस्थेतला अमोनियम मात्र जात नाही. त्यामुळे काळ्या मातीत एकदाच भरपूर पाणी सोडून भागत नाही. एक धुणे आता, लगेच. दुसरे दोन-तीन आठवड्यांनी, अमोनियमचे नायट्रेट झाल्यावर.

आता प्रमाण पाहू. चाळीस फूट लांब आणि तीन फूट रुंद पट्टा म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर तीन किलो युरिया म्हणजे दर चौरस मीटरला २७० ग्रॅमच्या आसपास. कुंपणाला एका वेळी २५ ग्रॅम पुरेसा असतो, म्हणजे दसपट मात्रा झाली. क्षार धुण्याचा जुना ठोकताळा असा आहे की वरच्या एक फूट मातीतले निम्मे क्षार खाली न्यायला १५ सेंटिमीटर पाणी लागते आणि ऐंशी टक्के न्यायला ३० सेंटिमीटर. एका चौरस मीटरवर १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे १५० लिटर; आपल्या पट्ट्याला साडेसोळाशे लिटर. पाणी कोणते वापरणार हे आधी सांगा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजलेला आहे का?

सिडकोतला माळीमित्र (५ एप्रिल)

जिप्समचे काय? आमच्याकडे सगळे तेच टाकतात.

निवृत्त माती तपासनीस (५ एप्रिल)

जिप्सम चोपण जमिनीसाठी असते, जेथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. जिप्सममधले कॅल्शियम त्याची जागा घेते आणि मग तो पाण्याबरोबर निघून जातो. येथे तक्रार सोडियमची नाही, त्यामुळे जिप्समने क्षारांत भरच पडेल. कोळशाची भुकटी टाकण्याचा सल्लाही अधूनमधून दिसतो. ती काही तणनाशके धरून ठेवते. विरघळलेल्या खताच्या क्षारांवर तिचा उपयोग नाही.

दिंडोरीचा बागायतदार (६ एप्रिल)

सरांचा हिशेब बरोबर आहे, पण साडेसोळाशे लिटर एका दमात सोडले तर क्षारांतून वाचलेली मुळे पाण्यात गुदमरतील. मी द्राक्षवाला आहे. काळ्या मातीत पाणी किती द्यायचे यापेक्षा वाफसा कधी येतो हे बघायचे असते.

एप्रिलमध्ये काळी माती भेगाळलेली असते. मोठी नळी सोडली की पाणी भेगांतून थेट खाली जाते, मधला मातीचा ढेकूळ कोरडाच राहतो आणि क्षार जागच्या जागी राहतात. म्हणून पहिल्या दिवशी फक्त भेगा मिटतील इतके हलके पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी चौरस मीटरला पन्नास लिटरच्या हिशेबाने, सकाळपासून टप्प्याटप्प्याने, साचू न देता द्यावे. मग थांबावे. वाफसा आला, म्हणजे मुठीत घेतलेली माती चिखलासारखी बोटांना न चिकटता दाबल्यावर गोळा होऊन हलक्या धक्क्याने फुटू लागली, की पुढचे पन्नास लिटर. असे तीन हप्ते. थांबत थांबत दिलेले पाणी एकदम तुंबवलेल्या पाण्यापेक्षा क्षार जास्त धुते, हे आम्ही बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) पाहत आलो आहोत.

पाणी देण्याआधी एक खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघा. नाशकात बऱ्याच ठिकाणी हात-दीड हात काळ्या मातीखाली मुरूम लागतो. मुरूम असेल तर निचऱ्याची काळजी नाही. बांधकामाचा राडारोडा दाबून त्यावर माती पसरली असेल तर पाणी कोठेच जाणार नाही, आणि मग आधी कडेने चर काढावा लागेल.

त्याच खड्ड्यात मुळी पाहून घ्या. पांढरी मुळी दिसली तर झाड वाचते. मुळी तपकिरी असेल, आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरचे आवरण सरकून आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर ती मेली.

गंगापूररोडकर (७ एप्रिल)

सर्वांचे मनापासून आभार. पापडी आणि दाणे खरवडून काढले. दोन घमेली भरून माती निघाली आणि ती पाल्याच्या ढिगात मिसळली. कुंपणाच्या मध्यावर खड्डा घेतला तेव्हा दीड फुटावर पिवळसर मुरूम लागला. वरच्या चार बोटांतली बहुतेक मुळे तपकिरी आहेत आणि ओढल्यावर आवरण सरकते. त्याखाली मात्र पांढरी मुळे बऱ्यापैकी आहेत. जास्वंदीच्या बुडाशी परिस्थिती त्याहून वाईट आहे.

शेजारच्यांकडून टीडीएस मीटर आणून पाणी मोजले. नळाचे १५० च्या आत आहे आणि बोअरचे ११०० च्या वर. काही सभासदांच्या घरच्या आरओ यंत्रांतून बाहेर पडणारे पाणी साठवून वापरावे, अशीही सूचना आली आहे.

निवृत्त माती तपासनीस (७ एप्रिल)

खालची मुळे जिवंत आहेत ही चांगली बातमी आहे.

आरओमधून बाहेर पडणारे पाणी मुळीच नको. आत गेलेल्या पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. फरशी पुसायला ते ठीक आहे. सिंचनाच्या पाण्यात सुमारे ४५० टीडीएसपर्यंत क्षारांची चिंता नसते. ११०० वर एरवी कण्हेर किंवा बोगनवेल तग धरेल, पण जळलेल्या मुळांच्या कामिनीला ते नको. धुण्यासाठी नळाचेच पाणी वापरा. गंगापूर धरणाचे पाणी या कामाला उत्तम आहे. ते कमी पडत असेल तर दोन हप्ते नळाचे आणि तिसरा पुढे ढकला, पण बोअरचे मिसळून भरती करू नका.

इंदिरानगरची गच्ची (७ एप्रिल)

याच विषयाला धरून विचारते. माझ्याकडे कुंड्यांत एक्झोरा आणि अनंत ही फुलझाडे आहेत आणि त्यांनाही विद्राव्य खताचा डोस जास्त झाला आहे. कुंडीत हा लिटरचा हिशेब कसा लावायचा?

म्हसरूळ रोपवाटिका (७ एप्रिल)

कुंडीत काम सोपे असते, कारण खालून काय बाहेर पडते ते दिसते. कुंडीत मावणाऱ्या मातीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतायचे. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते, म्हणजे तीस लिटर पाणी. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा आणि खालची ताटली काढून टाका, नाहीतर निघालेले क्षार पुन्हा वर शोषले जातात. ओतलेल्या आणि भोकातून आलेल्या पाण्याचा टीडीएस मोजा. सुरुवातीला बाहेरचे पाणी कितीतरी जड असेल. ते आत ओतलेल्या पाण्याच्या जवळपास आले की थांबा. त्यानंतर माती बोटभर खोल सुकेपर्यंत पाणी नको, आणि आठ-दहा दिवस कुंडी सकाळचेच ऊन लागेल अशा जागी ठेवा.

एक्झोरा आणि अनंत दोघांनाही किंचित आम्ल माती लागते. धुतल्यानंतर नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते खत कमी पडल्याचे लक्षण समजू नका.

दिंडोरीचा बागायतदार (८ एप्रिल)

छाटणीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. एप्रिलमध्ये आम्ही द्राक्षबागेची खरड छाटणी करतो, म्हणजे वेल बराच मागे छाटतो, आणि वेल नव्याने फुटतो. मुळे निम्मी गेली असतील तर वरचा भारही हलका करावा, असे माझे मत आहे.

म्हसरूळ रोपवाटिका (८ एप्रिल)

दादा, येथे मी आपल्याशी सहमत नाही. खरड छाटणीच्या वेळी वेलाची मुळे शाबूत असतात आणि खोडात, ओलांड्यात (खोडाच्या आडव्या फांद्यांत) साठा भरलेला असतो, म्हणून तो जोमाने फुटतो. या झुडपाची मुळे जळालेली आहेत. छाटले की डोळे फुटतील आणि नव्या पालवीसाठी झाड उरलासुरला साठा खर्च करेल. पण त्या पालवीला पाणी पुरवायला मुळे तयार नसतील आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती पालवीही करपेल. कडेने करपलेले पानसुद्धा मधल्या हिरव्या भागात अन्न तयार करते, आणि नवी मुळी त्याच अन्नावर सुटते. म्हणून पूर्ण वाळलेली पाने आपोआप गळू द्यावीत आणि अर्धी हिरवी पाने हाताने तोडू नयेत. पाण्याची गरज कमी करायची तर सावली करावी. पश्चिमेच्या बाजूने ५० टक्क्यांचे हिरवे शेडनेट बांबूंना बांधा, झाडापासून हातभर अंतर ठेवून, म्हणजे वारा खेळता राहील.

दिंडोरीचा बागायतदार (८ एप्रिल)

कामिनीच्या बाबतीत मान्य. जास्वंद मात्र चिवट असते आणि तिची पाने तशीही गळत आहेत. चारपैकी दोन झुडपांची वरची तिसरा हिस्सा वाढ काढून बघा, दोन तशीच ठेवा. जास्वंदीपुरता माझा आग्रह कायम आहे.

पंचवटीकर (९ एप्रिल)

सगळे जण क्षार 'खाली' धुऊन लावायला सांगत आहेत. ते खाली जातात म्हणजे शेवटी बोअरमध्येच जातात ना? सोसायटीची बोअर कुंपणापासून किती अंतरावर आहे?

निवृत्त माती तपासनीस (९ एप्रिल)

प्रश्न रास्त आहे. आकडाच मांडतो. तीन किलो युरियात ४६ टक्क्यांप्रमाणे १.३८ किलो नत्र असते. ते सर्व नायट्रेट होऊन खाली गेले तर सुमारे ६ किलो नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एवढे नायट्रेट सुमारे १ लाख ३५ हजार लिटर स्वच्छ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसे आहे. प्रत्यक्षात काही अमोनिया हवेत उडतो, काही झाड घेते, काही जिवाणू वापरतात. तरीही दाणे आधी खरवडून काढण्याचा आग्रह धरण्याचे हे दुसरे आणि माझ्या मते तितकेच सबळ कारण आहे. जे उचलून पाल्याच्या ढिगात टाकता येते ते पाण्याने ढकलू नये. धुण्याचे पाणीही ठरलेल्या हप्त्यांपलीकडे वाढवू नये. आपल्याला क्षार मुळांच्या थराखाली न्यायचे आहेत, त्यापलीकडे रेटायचे नाहीत. बोअरचे पाणी कोणी पीत असेल तर पावसाळ्यानंतर त्याची नायट्रेटसाठी तपासणी करून घ्या.

गंगापूररोडकर (९ एप्रिल)

बोअर मागच्या अंगाला, इमारतीच्या पलीकडे आहे आणि तिचे पाणी फक्त गाड्या धुण्यासाठी व स्वच्छतागृहांसाठी वापरले जाते. तपासणीची नोंद सोसायटीच्या वहीत करून ठेवली आहे.

गंगापूररोडकर (२ मे)

सद्यस्थिती कळवते. पहिल्या धुण्याचे तीन हप्ते वाफसा पाहून दिले आणि एप्रिलअखेर दुसरे धुणे, पहिल्याच्या निम्म्या पाण्याने, झाले. शेडनेट बांधले आहे. दोन्ही धुण्यांच्या मध्ये मातीचा एक नमुना तपासून घेतला; विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते दाखवणारा आकडा) १.९ आली आणि सामू ८.१. दुसऱ्या धुण्यानंतरची वाहकता ०.८ आहे. आणखी पाने करपणे थांबले आहे, पण झाड जागचे हललेले नाही, एकही नवा शेंडा नाही. सभासद अस्वस्थ आहेत. कृषी सेवा केंद्रातून ह्युमिक (मुळांसाठी विकले जाणारे ह्युमिक आम्ल) आणण्याचे घाटत आहे.

निवृत्त माती तपासनीस (२ मे)

एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन केलेल्या चाचणीत वाहकता १ च्या आत असली की माती सर्वसाधारण समजतात. २ च्या पुढे क्षारांना नाजूक असलेली झाडे त्रासू लागतात. आपली माती आता धोक्याबाहेर आहे. यापुढे धुणे नको.

म्हसरूळ रोपवाटिका (३ मे)

मे महिन्यात शेंडा दिसत नाही म्हणून घाबरू नका. झाड आधी खाली काम करते. अंगठ्याच्या नखाने फांदीची साल किंचित खरवडा: खाली ओलसर हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे, तपकिरी कोरडे दिसले तर त्याखाली वितभर जाऊन पुन्हा पाहा.

ह्युमिकने आता बिघडणार नाही, पण त्याने झाड वाचले असेही म्हणता येणार नाही. सभासदांच्या समाधानासाठी काही करायचेच असेल तर उसाचे पाचट किंवा वाळला पाला तीन बोटे जाडीचा पसरा. खोडापासून वितभर जागा मोकळी ठेवा. माती गार राहील, पाणी कमी लागेल, आणि बाष्पाबरोबर उरलेले क्षार पुन्हा वर चढून पापडी धरणार नाही. ताजे शेणखत आणि कोंबडी खत मात्र लांबच ठेवा; त्यांतूनही अमोनिया सुटतो. जळक्या मुळांवर बुरशी लवकर बसते, म्हणून चांगल्या कुजलेल्या खताच्या ओंजळभर भुकटीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून आळ्यात दिल्यास हरकत नाही; पण त्याच पंधरवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करू नका, म्हणजे ते पाण्यात मिसळून बुडाशी ओतू नका, नाहीतर दोन्हींचे पैसे वाया जातील.

दिंडोरीचा बागायतदार (४ जून)

ताई, एक सूचना वेळेवर देतो. आपल्याकडे ठिबक असेल तर मृगाचा पहिला हलका पाऊस पडताना ते बंद करू नका. ठिबकने ओल्या होणाऱ्या गोलाच्या कडेला क्षार साठून राहतात, आणि हलक्या सरीने तेच आत मुळांकडे सरकतात. पाऊस चालू असताना ठिबकही चालू ठेवले की आतून बाहेर दाब राहतो. एकदा दणकून पाऊस झाला की मग खुशाल बंद करा. हे बागेत सगळे जाणतात, सोसायटीत मात्र पाऊस दिसला की आधी कॉक बंद होतो.

गंगापूररोडकर (१९ जुलै)

पाऊस लागला. कामिनीला बुडापासून आणि मधल्या जुन्या फांद्यांवरही पालवी फुटली आहे. ठिबक आपण सांगितल्याप्रमाणे चालू ठेवले होते. नखाने साल पाहत वाळके शेंडे हिरव्या भागापर्यंत कापले; कुंपणाची उंची काही ठिकाणी फूटभर कमी झाली, पण खिंडार कोठे पडले नाही.

जास्वंदीची छाटलेली दोन्ही झुडपे आधी फुटली, पण मेमध्ये त्यांतल्या एकाची पालवी करपून पुन्हा नव्याने फुटावी लागली. न छाटलेल्यांपैकी एक उशिरा पण भरगच्च फुटले आणि एक गेले. दोन-दोन झुडपांवरून कोणाची बाजू खरी ठरवावी हे मला सांगता येत नाही.

मोरपंखीचा विटकरी भाग तसाच आहे. शिवाय कामिनीची काही कोवळी पाने फिकट पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसत आहेत. आता तरी थोडे खत द्यावे का?

दिंडोरीचा बागायतदार (१९ जुलै)

बरोबरी झाली म्हणायची. गेलेल्या जास्वंदीची मुळी उपटून बघा. काळी पडून कुजकट वास येत असेल तर मूळकूज समजा आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरी लावू नका.

निवृत्त माती तपासनीस (२० जुलै)

कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. खताने करपलेले पान जुने असते आणि कडेने जाते. हे पान कोवळे असते आणि मधून फिकट होते, त्यामुळे दोहोंत गल्लत करू नये. सामू ८ च्या वर असलेल्या आपल्या चुनखडीयुक्त मातीत लोह असते, पण मुळांना घेता येत नाही, आणि जुलैत माती सतत ओली राहिली की ते आणखी कठीण होते. पावसाने उघडीप देऊन वाफसा आला की पुष्कळदा पाने आपोआप हिरवी होतात. ऑगस्टअखेरही तशीच राहिली तर ईडीडीएचए स्वरूपातील (चुनखडीच्या मातीतही मुळांना घेता येणारे) लोह, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, मातीतून द्या. नत्राची येथे गरज नाही.

म्हसरूळ रोपवाटिका (२० जुलै)

मोरपंखीबद्दल स्पष्टच सांगतो. कामिनी, जास्वंद, तगर, कडू मेंदी ही झुडपे जुन्या लाकडातूनही फुटतात. मोरपंखी तशी फुटत नाही. जो भाग पूर्ण विटकरी होऊन आतून उघडा पडला, तेथे हिरवे पुन्हा येणार नाही. निम्म्याहून जास्त अंग हिरवे असेल तर खराब बाजू भिंतीकडे आहे असे समजून चालवा. नसेल तर ऑगस्टमध्ये काढून टाका आणि त्या जागी कामिनीच लावा, म्हणजे कुंपण एकसलग होईल.

खताचे म्हणाल तर या पावसाळ्यात रासायनिक काहीच नको. पालवीचा दुसरा बहर येऊन ती पाने पक्की झाली, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, की झुडपामागे दोन-तीन ओंजळी जुने कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड आळ्यात मिसळा. युरिया द्यायचाच झाला तर पुढच्या जूनमध्ये, पावसाची दोन-तीन पाणी झाल्यावर, चौरस मीटरला २५ ग्रॅम, तेही वजन करून आणि ओल्या मातीवर. मार्च ते मे कुंपणाला खत देण्याचे कारणच नसते. माळीकाका सुट्टीवर जाताना खताची खोली कुलूपबंद करून किल्ली कार्यालयात ठेवतील, एवढे सोसायटीच्या सभेत ठरवून घ्या.

गंगापूररोडकर (२१ जुलै)

किल्लीचा विषय रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेत घेतला आहे. उत्तरेकडची मोरपंखी ठेवत आहोत, दुसरी काढून तेथे कामिनीची तीन रोपे लावू. रोपे किती उंचीची घ्यावीत?

म्हसरूळ रोपवाटिका (२१ जुलै)

दीड ते दोन फुटांची, बुडापासून फांद्या असलेली. त्याहून उंच रोपे पिशवीत मुळांचे वेटोळे घेऊन बसलेली असतात आणि जमिनीत मागे राहतात. जुनी माती दीड फूट खोल काढून पोयट्याची माती भरा आणि लावताना खड्ड्यात खत टाकू नका.